प्रॉपर्टी सेमिनारची फी भरण्याआधी: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

"प्रॉपर्टी गुंतवणुकीचा कुठला सेमिनार चांगला?" असं विचारणारा माणूस बहुतेक वेळा ९९ रुपयांचा वेबिनार आधीच बघून बसलेला असतो. त्याला 'आज रात्री बारापर्यंत' निम्मी केलेली फी दिसत असते, आणि त्याला माझ्याकडून फक्त "भर" एवढंच ऐकायचं असतं.

माझं उत्तर असं: नवख्याने पहिलं पाऊल म्हणून फी भरून सेमिनारला जाऊ नये. चौथं-पाचवं पाऊल म्हणून गेलात तर थोडे सेमिनार खरंच कामाचे असतात. लोकांची चूक सेमिनार निवडण्यात कमी आणि क्रमात जास्त होते. आधी फी, मग जोश, मग बुकिंग, आणि सातबारा सगळ्यात शेवटी. खाली दिलेला क्रम याच्या बरोब्बर उलटा आहे. त्याला तीन-चार रविवार लागतील. आकडे पुणे महापालिका हद्दीतले धरले आहेत, तुमच्या गावाचे तेवढे बदलून घ्या.

## १. काय घ्यायचं आहे ते एका ओळीत लिहा

'रिअल इस्टेट शिकायचंय' हे ध्येय नाही. भाड्याने देण्यासाठी तयार फ्लॅट, बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पातलं बुकिंग, गावाबाहेरचा प्लॉट आणि बँकेच्या लिलावातली मिळकत ही चार वेगवेगळी कामं आहेत. यांचे कागद, धोके आणि लागणारा रोख पैसा एकमेकांशी जुळत नाहीत. दोन दिवसांत हे चारही शिकवणारा माणूस एकही नीट शिकवत नाही.

ओळ अशी हवी: "दीड वर्षात, स्वतःचे १७ लाख आणि उरलेलं कर्ज घेऊन, भाड्याने द्यायला वन बीएचके." रक्कम, मुदत आणि प्रकार, तिन्ही आले पाहिजेत.

हाताशी दोन-तीन लाखच असतील तर इथेच थांबा. एवढ्या पैशात फ्लॅट येत नाही आणि सेमिनारमुळेही येणार नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या रीटचं (अनेकांचे पैसे गोळा करून भाड्याच्या इमारती सांभाळणारा ट्रस्ट) एक युनिट काही शे रुपयांत मिळतं. भाड्याचं उत्पन्न, रिकाम्या जागा, व्याजदर यांचा खेळ त्यांचे तिमाही अहवाल वाचून फुकट कळतो.

तपासा: ओळ लिहून झाल्यावर घरातल्या ज्या माणसाची सही कर्जावर लागणार आहे, त्याला ती वाचून दाखवा. तिथे अडलं तर सेमिनारची फी हा नंतरचा विषय.

## २. एकच खरी मिळकत निवडा आणि तिचे कागद स्वतः काढा

या लेखातला सगळ्यात मोठा टप्पा हाच आहे आणि लोक नेमका हाच गाळतात. सेमिनारमध्ये जे 'गुपित' म्हणून सांगतात त्यातलं बरंचसं सरकारी संकेतस्थळांवर उघडं पडलेलं असतं.

तुमच्या माहितीतल्या भागातला, विक्रीला असलेला एक फ्लॅट निवडा. घ्यायचा नाही, फक्त अभ्यास करायचा आहे. मग या क्रमाने जा.

क) महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक जाहिरातीवरच सापडतो. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक आहे. संकेतस्थळावर प्रकल्प उघडून आधी ताब्याची मूळ तारीख आणि सुधारित तारीख बघा. नंतर किती सदनिका विकल्या गेल्या, जमिनीवर कर्जाचा बोजा आहे का, कोर्टात काही चालू आहे का, ते बघा. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर नोंदणीतून सूट आहे. त्यामुळे छोटी इमारत तिथे सापडली नाही म्हणून लगेच घाबरू नका, मात्र कारण विचारा.

ख) इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा: कुणी, कुणाकडून, कितीला घेतलं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च फुकट आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की झालेले व्यवहार दिसतात. साइट रडत-खडत चालते, संध्याकाळी तर विचारूच नका, सकाळी लवकर बसा. त्याच इमारतीत गेल्या दोन वर्षांत कुठला फ्लॅट किती रकमेला नोंदला गेला, हे एका कागदावर उतरवा. आता एजंटचा भाव त्याच्या शेजारी लिहा. या दोन आकड्यांतला फरक मला जेवढं शिकवून गेला, तेवढं मी ज्याला फी दिली त्या पहिल्या सेमिनारने दोन दिवसांत शिकवलं नाही. (नोंदलेल्या रकमेत रोखीचा भाग दिसत नाही हे खरं. तरी अंदाजाला तो आकडा पुरतो.)

ग) रेडी रेकनर. सरकारी वार्षिक बाजारमूल्य दर त्याच संकेतस्थळावर आहेत. करारातली किंमत आणि हा दर यांपैकी जी रक्कम जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क लागतं.

घ) सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. सातबारा महाभूलेखवर बघता येतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. नावापुरता बघून बंद करू नका, 'इतर हक्क' हा रकाना वाचा. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, वारसाचा वाद तिथेच दिसतो. 'भोगवटादार वर्ग २' असं लिहिलं असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. मग फेरफार उघडा आणि आजच्या मालकाचं नाव तिथे कसं आलं ते मागे मागे जात बघा.

सावधान: प्लॉटच्या सेमिनारमध्ये 'एनए (म्हणजे बिगरशेती) प्रस्तावित' आणि 'फार्महाऊस प्लॉट' हे शब्द फार गोड आवाजात येतात. महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. 'प्रस्तावित' म्हणजे आज ती शेतजमीनच आहे. दहा-वीस अनोळखी लोकांची नावं एका सामाईक सातबाऱ्यावर चढवून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि निघा.

## ३. भाड्याचं गणित वहीत मांडा

६० लाखांचा तयार फ्लॅट, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला, म्हणजे जीएसटी नाही. (बांधकाम चालू असतं तर ५ टक्के, आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत असेल तर १ टक्का.) मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ४ लाख २० हजार. घर बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत. नोंदणी फी ३० हजार. झाले ६४ लाख ५० हजार. वकील, दलाली, रंगकाम अजून धरलेलंच नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते. म्हणजे ४८ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी यात धरत नाहीत. खिशातून १६ लाख ५० हजार हवेतच. पहिल्या टप्प्यातले १७ लाख इथून आले.

आता भाडं महिना १६ हजार धरू. वर्षाचे १ लाख ९२ हजार. एक महिना जागा रिकामी, सोसायटीचा मेंटेनन्स ३० हजार, मिळकतकर १० हजार. हातात १ लाख ३६ हजार. एकूण गुंतवणुकीवर २.१ टक्के. ४८ लाखांचा २० वर्षांचा हप्ता ८.५ टक्क्यांनी साधारण ४१,६५० रुपये. भाडं १६ हजार. दर महिन्याला पंचवीस-सव्वीस हजार तुमच्या पगारातून जाणार.

असा फ्लॅट घेऊच नये असं मी म्हणत नाही. किंमत वाढेल म्हणून घेतात, निवृत्तीनंतर राहायला म्हणून घेतात. पण 'भाड्यातून हप्ता आपोआप फिटतो' हे वाक्य स्टेजवरून आलं की तुमच्याकडे ही वही असली पाहिजे. 'खिशातला एक रुपया न घालता' हे वाक्य आलं तर वरचे साडेसोळा लाख कोण देणार, एवढंच विचारा. उत्तर वैयक्तिक कर्ज किंवा करारात किंमत फुगवणं यांपैकी काहीतरी निघतं. पहिल्यात व्याज मारतं, दुसरी बँकेची फसवणूक आहे.

तपासा: दुसरा आणि तिसरा टप्पा करताना कुठे अडलात? ते प्रश्न लिहून काढा. "सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर होणं) झालं नसेल तर मला काय फरक पडतो?" अशा जातीचे. पाच-सहा प्रश्न निघाले तर तुमची तयारी झाली. एकही निघाला नाही तर बहुधा तुम्ही नुसतं वाचून सोडलंय, पुन्हा बसा.

## ४. सेमिनारवाल्याचं पोट कशावर चालतं ते शोधा

शिकवणाऱ्याला पैसा कुठून मिळतो यावरून तो काय शिकवणार ते ठरतं.

काही जण फक्त फीवर चालतात. असे कमी. एखादे वकील किंवा सीए रविवारी वीस-पंचवीस जणांना घेऊन बसतात, विषय एकच असतो, जाहिरात जवळपास नसते. काहींची शिडी असते: वेबिनार ९९ ला, दोन दिवसांचा वर्ग काही हजारांना, आणि 'मेंटॉरशिप' लाखात. तिथे खालच्या पायरीवर शिकवलं जात नाही, वरच्या पायरीची भूक लावली जाते. तिसरे खरं तर एजंट असतात. फी नाममात्र, खरी कमाई बुकिंगच्या दलालीत. चौथे स्वतःचेच प्लॉट विकतात.

शिडीचा प्रकार जगभर तसाच आहे. अमेरिकेत 'ट्रम्प युनिव्हर्सिटी' नावाखाली आधी फुकट ओळखवर्ग, मग १,४९५ डॉलरचा तीन दिवसांचा वर्ग आणि सगळ्यात वर ३५ हजार डॉलरपर्यंतचं पॅकेज विकलं जाई. फसवणुकीचे खटले झाले, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये अडीच कोटी डॉलर देऊन ते मिटवण्याचं ठरलं. ओळखवर्ग, वर्ग, पॅकेज हा क्रम आपल्याकडच्या माहितीपत्रकात जसाच्या तसा दिसेल, फक्त डॉलरच्या जागी रुपये.

शोधायचं कसं? तीन गोष्टी बघा. त्या माणसाचं किंवा कंपनीचं नाव महारेराच्या एजंट यादीत टाका. नोंदणीकृत प्रकल्पातली विक्री करून देणाऱ्या एजंटला नोंदणी लागते, आणि २०२३ पासून महाराष्ट्रात त्यासाठी परीक्षा देऊन प्रमाणपत्रही घ्यावं लागतं. नोंदणी सापडली म्हणजे माणूस वाईट असं नव्हे. 'आम्ही काही विकत नाही' असं म्हणून सापडला तर मात्र वाईट. दुसरं, पावती कुणाच्या नावावर येते ते विचारा: व्यक्ती, कंपनी की तिसऱ्याच कुठल्या 'अकॅडमी'च्या? तिसरं, त्याला त्याच्या स्वतःच्या एका खरेदीचा इंडेक्स टू दाखवायला सांगा. पन्नास फ्लॅट घेतल्याचं स्टेजवर सांगणाऱ्याला एक कागद दाखवणं जड जाऊ नये.

## ५. फी भरण्याआधी लेखी विचारा

फोनवर नाही. व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर, म्हणजे उत्तर राहील.

१. एकूण फी जीएसटी धरून किती? (प्रशिक्षणावर १८ टक्के. 'फक्त २५ हजार' म्हणजे साडेएकोणतीस हजार.)
२. प्रत्येक सत्रात काय शिकवणार, आणि कोण शिकवणार? जाहिरातीतला चेहरा आणि वर्गातला माणूस एकच आहे का?
३. वर्गात कुठल्याही प्रकल्पाची, प्लॉटची किंवा पुढच्या कोर्सची विक्री होणार आहे का?
४. पहिल्या दिवसानंतर पटलं नाही तर पैसे परत मिळतात का, किती दिवसांत, कुठल्या अटींवर?
५. तिसऱ्या टप्प्यातल्या माझ्या या प्रश्नांची उत्तरं तुमच्या वर्गात मिळतील का? (इथे तुमची यादी चिकटवा.)

पाचवा प्रश्न सगळ्यात उपयोगी. खरा शिक्षक "तिसरा आणि पाचवा मिळेल, बाकीचे वकिलाला विचारा" असं सांगतो. विक्रेता "सर, सगळं मिळेल, सीट शेवटच्या चार" असं सांगतो.

मग त्याच पैशात दुसरं काय येतं ते बघा. निवडलेल्या फ्लॅटचे कागद घेऊन स्थानिक मालमत्ता वकिलाकडे जा, तासाभराची फी द्या, आणि यादीतले प्रश्न विचारा. बऱ्याच लोकांचं काम इथेच संपतं, सेमिनारची गरजच उरत नाही.

फी भरणं पटतं ते कधी? विषय एकच आणि अवघड असेल, तेव्हा. माझा स्वतःचा दुसरा वर्ग बँक लिलावाचा होता, एका वकिलाचा, एका दिवसाचा, आणि त्याचे पैसे वसूल झाले. बाहेर सगळे 'निम्म्या भावात फ्लॅट' सांगतात. वकिलाने पहिल्या तासातच सांगितलं की इसारा म्हणून बहुधा राखीव किमतीच्या १० टक्के भरावे लागतात, बोली लागली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी बोलीच्या २५ टक्क्यांपर्यंत पूर्ण करायचे, आणि उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत वाढते, पण लेखी संमतीने आणि तीन महिन्यांपुढे नाही. पैसे वेळेत आले नाहीत तर भरलेली रक्कम जप्त. मिळकत 'जशी आहे, जिथे आहे' तशी घ्यायची. बँकेकडे फक्त प्रतीकात्मक ताबा असेल तर आत राहणाऱ्या माणसाला बाहेर काढण्याची लढाई पुढे उभी असते. थकलेला मेंटेनन्स आणि मिळकतकरही गळ्यात पडू शकतो. हे सगळं त्याने खऱ्या लिलाव नोटिसा वाटून, ओळीवर बोट ठेवून शिकवलं. वर्गातल्या अर्ध्या लोकांनी त्या दिवशी लिलावाचा नाद सोडला. फी तिथेच फिटली.

## ६. हॉलमध्ये जाताना

क्रेडिट कार्ड घरी ठेवा. हा विनोद नाही. यूपीआयची दैनिक मर्यादाही आदल्या दिवशी खाली आणा.

घरातलं एक माणूस सोबत न्या, शक्यतो ज्याला यात रस नाही असं. वही न्या, आणि दोन रकाने पाडा: 'पडताळता येईल' आणि 'नुसतं सांगितलं'. दुपारपर्यंत दुसरा रकाना भरला आणि पहिला रिकामा असेल तर जेवून घरी जा.

जेवणानंतर दिवे मंद होतात, गाणं लागतं, कुणीतरी नोकरी सोडल्याची कहाणी सांगतं, आणि मागच्या बाजूला टेबलं मांडली जातात. या वेळी काय काय कानावर येतं ते आधीच ठाऊक असलेलं बरं:

- "प्री-लॉन्च भाव, आज टोकन द्या." ज्या प्रकल्पाला महारेरा नोंदणी लागते, त्याची जाहिरात किंवा बुकिंग नोंदणीआधी करता येत नाही. नोंदणी झालेली असली तरी करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.
- "दोन लाखांत ऑफिसचा वाटा." सेबीने मार्च २०२४ मध्ये अशा वाट्याच्या योजनांसाठी छोट्या रीटची चौकट आणली. तीत किमान गुंतवणूक १० लाख आहे. दोन लाख घेणाऱ्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा.
- "कार्डाची मर्यादा वाढवून घ्या, ही गुंतवणूक स्वतःमध्ये आहे." उठा.
- "बायकोला विचारून सांगतो म्हणणारे कधीच श्रीमंत होत नाहीत." हे मी स्वतः, भर हॉलमध्ये, पहिल्या सेमिनारला ऐकलं आहे. टाळ्याही पडल्या होत्या. मीही वाजवल्या.

तपासा: आजची सवलत उद्या मिळणार नाही असं सांगितलं, तर आठ दिवसांनी नव्या नंबरवरून फोन करून फी विचारा.

## ७. वर्गानंतर तीस दिवस काही घेऊ नका

वर्गात ऐकलेल्यातले तीन दावे निवडा आणि तुमच्या निवडलेल्या मिळकतीवर लावून बघा. 'या भागात दरवर्षी भाव इतका वाढतो' म्हणाले असतील तर इंडेक्स टूमधून पाच वर्षांपूर्वीचे आणि आजचे व्यवहार काढा. 'इतकं भाडं सहज येतं' म्हणाले असतील तर त्याच सोसायटीच्या वॉचमनला विचारा. त्याच्याइतका नेमका आकडा कुणाकडे नसतो.

व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करा. तिथे रोज कुणीतरी चावी हातात घेतलेला फोटो टाकतं, आणि त्याला हप्ता किती बसला हे कुणीच टाकत नाही.

## आधीच पैसे भरून बसला असाल तर

जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पावती, व्हॉट्सॲप संदेश आधी एका जागी ठेवा. ग्रुपमध्ये भांडण काढलंत तर तुम्हाला काढून टाकतील आणि तिथलं पुढचं काही दिसणार नाही, म्हणून हे पहिलं. मग ईमेलने परतावा मागा: काय कबूल केलं होतं, काय मिळालं नाही, किती रक्कम, उत्तराची मुदत १५ दिवस. तीन-चार ओळी पुरतात, शिवीगाळ नको.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. "पुढच्या बॅचला तुम्हाला फुकट बसवतो, सर" असं सांगून सेमिनारवाले हीच दोन वर्षं खातात. फुकट बसायचं असेल तर बसा, पण तक्रार दाखल करून मग.